घाबरट खुनी

माझ्या नवऱ्यानं टीव्हीवर कितीतरी माणसं मारली, आणि दर वेळी त्याआधी तो बादलीत ओकला. हे चेष्टेनं सांगत नाही. बादली मीच धरायचे.

एडविन ग्रिमशॉ हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. चेहरा कदाचित पाहिला असेल. लांबट, खाली ओघळलेला, डोळ्यांखाली पिशव्या, तिशीतच पन्नाशीचा वाटणारा. नायकाचा चेहरा नव्हेच तो. बड्या घरचा नोकर, तुरुंगातला शिपाई, जप्ती घेऊन येणारा माणूस आणि खुनी, असली कामं त्याच्या वाट्याला आली. पन्नासएक वर्षं तो हेच करत आला, आणि एवढ्या काळात एकही दिवस तो न घाबरता कामाला गेला नाही.

तो मूळचा बर्नलीचा, उत्तर इंग्लंडमधल्या गिरण्यांच्या गावचा. वडील लवकर गेले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई हिल्डा, कापडगिरणीत मागावर होत्या. त्या मागांचा आवाज एवढा, की शेजारी उभ्या असलेल्या बाईला ओरडूनही ऐकू जायचं नाही. म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायच्या आणि दुसरीचे ओठ वाचायच्या. गिरणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कोणाची सासू कशी आहे हे सगळ्या मागांना ठाऊक. सासूबाईंचे कान गिरणीनं कधीच खाल्ले होते, पण रस्त्यापलीकडे दोन माणसं काय कुजबुजतायत ते त्या भाज्या निवडता निवडता सांगायच्या. एडविन लहानपणी खोटं बोलायलाच शिकला नाही. थाप मारायची सवय लागावी, तर समोर ओठ वाचणारी आई.

तो आधी गिरणीच्या कचेरीत कारकून होता. मग गावातल्या हौशी नाटकात, मग एका फिरत्या कंपनीत. तिथं दर आठवड्याला नवं नाटक असायचं. दिवसा पुढचं पाठ करायचं आणि संध्याकाळी चालू असलेलं म्हणायचं. त्या कंपनीत पर्सी नावाचा म्हातारा नट होता. एका दुपारच्या खेळात पर्सी चहाचा कप हातात घेऊन उभा राहिला आणि त्याला पुढचं काहीच सुचेना. विंगेतून वाक्य सांगितलं, पुन्हा सांगितलं, तरी तो नुसता कपाकडे बघत राहिला. शेवटी पडदा पाडला. दुसऱ्या दिवशी कंपनीचे लोक पुढच्या गावी निघाले, तेव्हा पर्सी त्याच फलाटावर, पण समोरच्या बाजूला, घरी जाणाऱ्या गाडीची वाट बघत बसला होता. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. एडविननंही नाही.

"तो रडत असता तर बरं झालं असतं," एडविन मला नंतर म्हणाला. "तो सँडविच खात होता, मॅज. व्यवस्थित, कडा काढून."

तिथून ती भीती त्याच्यात शिरली ती कायमची.

मला तो भेटला अठ्ठावन्न साली, मँचेस्टरच्या स्टुडिओत. तेव्हा टीव्हीवरची नाटकं थेट व्हायची. चूक झाली तर झाली, देशभर दिसली. मी तिथं संहिता धरून बसणारी मुलगी होते. माझ्या हातात एक बटण असायचं. नट अडला की मी ते दाबायचं, म्हणजे घराघरांतला आवाज बंद. तेवढ्यात त्याला वाक्य सांगायचं आणि बटण सोडायचं. बघणाऱ्यांना वाटायचं त्यांच्याच टीव्हीत काही बिघडलं. लोक उठून डब्यावर थापा मारायचे म्हणे.

त्या नाटकात एडविन एका भाडेकरूचं काम करत होता. गरीब, नम्र, घरमालकिणीला विष देणारा. शेवटी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी इन्स्पेक्टर समोर बसतो आणि भाडेकरू उकडलेलं अंडं सोलता सोलता सगळं कबूल करतो. बरंच लांब भाषण होतं. तालमीत त्यानं ते एकदाही चुकवलं नव्हतं. पण त्या संध्याकाळी मेकअपच्या खोलीबाहेर मला तो दिसला, तर भिंतीला कपाळ टेकून उभा होता.

"बरं वाटत नाही का?" मी विचारलं.

"वाटतंय की."

"मग भिंतीशी काय बोलताय?"

"शेवटचं भाषण म्हणून बघतोय. भिंत बरी. ती तोंड वाकडं करत नाही."

मला हसू आलं. त्याला नाही.

भाषणाची वेळ आली. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. कॅमेरा त्याच्या तोंडाजवळ सरकला. एडविननं अंडं टेबलावर आपटलं, टवका काढला आणि थांबला. मी एक श्वास वाट पाहिली, मग बटण दाबून वाक्य सांगितलं. तो माझ्यापासून चार हातांवर होता, पण त्याला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगितलं. त्याचे हात अंडं सोलत होते, अगदी सावकाश, आणि ओठ हलत होते. तो काहीतरी बोलत होता, आणि ते संहितेतलं नव्हतं. हे बाहेर ऐकू जाता कामा नये एवढंच मला कळलं. मी बटण सोडलंच नाही. माझं बोट पांढरं पडलं होतं. वरच्या काचेमागून दिग्दर्शक माझ्या कानातल्या यंत्रात ओरडत होता. समोरचा इन्स्पेक्टर झालेला नट टोपी फिरवत बसला होता आणि त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता.

अंडं पूर्ण सोलून झालं. एडविननं ते बशीत ठेवलं आणि मान वर केली. मी तिसऱ्यांदा वाक्य सांगितलं. या वेळी ते पोचलं. मी बटण सोडलं, आणि पुढचं सगळं भाषण तो एका सुरात, जणू दुसरंच कोणी बोलतंय असा बोलून गेला.

दिवे विझल्यावर तो खुर्चीतून उठला नाही. मी जवळ गेले. म्हणाला, "माझी बॅग आणून देता का? मी मागच्या दारानं जातो."

दिग्दर्शक जिन्यावरून धावत खाली आला. त्याचं नाव ह्यू. मला वाटलं आता दोघांचीही नोकरी गेली. त्यानं एडविनचे दोन्ही खांदे धरले. "तालमीत का नाही केलंस हे? आधी सांगायचं होतंस. मी कॅमेरा आणखी जवळ घेतला असता."

एडविन त्याच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मी संहिता मिटली.

वर्तमानपत्रांत छापून आलं, की टीव्हीवर एवढं भयंकर मौन आजवर कोणी पाहिलं नव्हतं. एका शहाण्यानं लिहिलं, खुनी माणूस देवाची प्रार्थना करतोय असं वाटलं. आठवड्याभरात एडविनला दोन कामं आली, दोन्ही खुन्यांची.

पुढच्या महिन्यात तो मला आईला भेटवायला बर्नलीला घेऊन गेला. बटाट्याचं सारण भरून भाजलेली पेस्ट्री आणि लाल कोबीचं लोणचं होतं. सासूबाईंनी मला खालून वर पाहिलं, बस म्हणाल्या, वाढलं. मग चहा ओतताना लेकाकडे बघून नुसते ओठ हलवले. एडविननं काटा खाली ठेवला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

सासूबाई मोठ्यानं बोलल्या, बहिऱ्या माणसाच्या आवाजात. "'आई, माझं सगळं गेलं, आई, आता मी काय करू.' असं म्हणत होता तो त्या डब्यात. अंडं सोलताना. सगळी गल्ली शेजारच्या पिकल्सबाईच्या घरी जमली होती. त्यांना वाटलं माझा पोरगा जादूटोणा करतोय."

"तुम्ही सांगितलंत का कोणाला?"

"मी कशाला सांगू? अर्ध्या गल्लीतल्या बायका माझ्याबरोबर मागावर होत्या, ओठ त्यांनाही वाचता येतात. पण त्या चष्मा लावत नाहीत, मिजाशीपायी." त्यांनी एडविनच्या ताटात आणखी वाढलं. "खा. वाळलायस."

लग्न झाल्यावर आम्ही लंडनला आलो, अ‍ॅक्टनला. सिडनी नावाचा एक एजंट त्याला कामं आणून द्यायचा. सिडनी सांगायचा, "फार बोलू नकोस बाबा. तुझं न बोलणं विकलं जातंय." त्यामुळे त्याला बिनबोलाची, नुसतं बघणारी कामं जास्त मिळाली. घाबरून डोळे थिजले की लोकांना वाटायचं, काय थंड माणूस आहे. कोपऱ्यावरची भाजीवाली त्याला सुटे पैसे हात लांब करून द्यायची. पोरं त्याला बघून रस्ता ओलांडायची. आणि तो घरी येऊन मला म्हणायचा, "मॅज, त्या पोरांना काय झालंय? मागं कुत्रं वगैरे होतं का? मी पण पळालो."

फोन वाजला की त्याचं तोंड उतरायचं. काम नसलं तर काय करायचं ही एक भीती, काम असलं तर काय करायचं ही दुसरी. मीच उचलायचे. संध्याकाळी भांडी घासताना मी त्याच्याकडून वाक्यं म्हणवून घ्यायचे. तो त्याचीच नव्हे, समोरच्या सगळ्यांचीही पाठ करायचा, म्हणजे कोणीही अडलं तरी खेळ थांबू नये. नंतर नाटकं आधी चित्रित होऊ लागली, चुकलं तर पुन्हा घेता येऊ लागलं. मला वाटलं आता सुटला. पण तो म्हणायचा, "पूर्वी एकदाच चुकायची सोय होती. आता सहा-सात वेळा चुकता येतं, आणि सगळे उभे राहून बघतात."

रंगमंचाचं मात्र तो नाव काढू देत नसे. चौऱ्याहत्तर सालापर्यंत.

त्या वर्षी बर्नलीच्या थिएटरवाल्यांनी त्याला बोलावलं. गिरणीमालकाचं काम, तीन अंक, सगळा वेळ बोलणं. तो नाही म्हणणार होता. पण त्यांनी शहाणपणा करून आधी सासूबाईंना विचारलं होतं. त्या आता ऐंशीच्या घरात होत्या. "मरायच्या आधी एकदा तुला नीट बघू दे," त्या म्हणाल्या. "त्या काचेच्या डब्यात नको. माझ्यासमोर, पायांसकट."

त्यानं हो म्हटलं आणि घरी येऊन अंथरूण धरलं. ताप नव्हता, काही नव्हतं. मी सांगितलं, विंगेत संहिता घेऊन मीच बसेन. तेव्हा उठला.

पहिल्या खेळाच्या दिवशी, अर्धा तास उरला अशी हाक पडली आणि एडविन खोलीत नव्हता. बादली होती. कोरडी. ओकला असता तर मी निश्चिंत झाले असते. मी मागच्या दारानं बाहेर पळाले. भुरभुर पाऊस होता. दारूच्या दुकानात नाही, चर्चच्या कट्ट्यावर नाही. शेवटी बस स्टँडवर सापडला. उंच काळी टोपी, चिकटवलेल्या गालमिशा, पोटावर खोट्या घड्याळाची साखळी, आणि शेजारी बटाट्याच्या काचऱ्या खात बसलेली एक बाई.

"हे तुमचे का?" ती मला म्हणाली. "मगाशी विचारत होते पहिली बस कुठली. म्हटलं जायचंय कुठं, तर म्हणतात कुठंही चालेल."

मी त्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. तो पोटावरची साखळी बोटांत फिरवत होता.

"आई तिसऱ्या रांगेत बसलीय," मी म्हटलं.

"माहीत आहे. तिचे डोळे अजून शाबूत आहेत."

"मग?"

"तिला कळेल, मॅज. बाकी कोणाला नाही कळलं तरी तिला कळेल. वाक्य जायच्या आधी कळेल. माझ्या तोंडावर तिला ते येताना दिसेल."

"तिला केव्हाचं माहीत आहे. बोलली का कधी कोणाला?"

"तेच तर. ओरडली असती तर बरं झालं असतं."

काचऱ्यांचा पुडा पुढं करून ती बाई म्हणाली, "घ्या एखादी. पोट रिकामं असलं की माणूस जास्त घाबरतो." त्यानं घेतली नाही, मीही नाही.

बस आली. दार उघडलं. एडविन उठला आणि दारापाशी गेला. मी त्याला धरलं नाही. काय करावं तेच मला सुचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या बसमध्ये चढावंसं वाटत होतं. त्यानं एक पाय पायरीवर ठेवला.

ड्रायव्हर त्याला न्याहाळत म्हणाला, "चढताय का, सरकार? का घोडागाडीची वाट बघताय?"

एडविन तसाच उभा राहिला, एक पाय वर, एक खाली. मागं माणसं खोळंबली.

"चढा नाहीतर उतरा, साहेब. वर चढून ओकू मात्र नका."

तो उतरला. नंतर लोकांनी मला विचारलं, त्याला परत यायचा धीर कसा झाला. धीर वगैरे मी काही पाहिलं नाही. दुसरा पाय उचलला गेला नाही, एवढंच. मी त्याच्या कोपराला धरून त्याला थिएटरपर्यंत आणला. वाटेत दोनदा तो थांबला. दुसऱ्यांदा एका कुंपणाशी ओकला, आणि मला जरा बरं वाटलं.

पहिला अंक झाला. चांगला झाला. दुसऱ्या अंकात गिरणीमालक संपावर गेलेल्या कामगारांसमोर उभा राहतो आणि त्यांना घालवून देतो. एडविननं हात वर केला, तोंड उघडलं, आणि मला विंगेतून त्याच्या मानेची शीर ताठ झालेली दिसली. मी वाक्य सांगितलं. काही नाही. पुन्हा सांगितलं. थिएटरमध्ये आता कॅमेरा नव्हता, बटण नव्हतं, आवाज बंद करायची काही सोय नव्हती. कामगार झालेली गावातली पोरं एकमेकांकडे बघू लागली. कोणीतरी खाकरलं. मला पर्सी आठवला, ज्याला मी कधी पाहिलंही नव्हतं.

आणि तिसऱ्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला. आपण किती मोठ्यानं बोलतो हे त्यांना कळायचं नाही.

"घाबरू नको, एडविन. सावकाश. आम्हाला कुठं जायचं नाहीये."

सगळं थिएटर हसलं. मी डोळे मिटून घेतले. त्याला आयुष्यभर ज्याची भीती वाटत आली होती, ते नेमकं घडत होतं, त्याच्याच गावात, शाळासोबत्यांसमोर. हसणं थांबलं तेव्हा इतकी शांतता झाली की छपरावरचा पाऊस ऐकू आला. मी डोळे उघडले. एडविन आईकडे बघत होता. मी तिसऱ्यांदा वाक्य सांगितलं, चांगलं मोठ्यानं, लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यानं ते घेतलं आणि पुढं बोलू लागला. आवाज कापत होता. अंक संपेपर्यंत कापत राहिला.

नंतर सासूबाई मेकअपच्या खोलीत आल्या, काठी टेकत. त्याच्या गालमिशा ओढून बघितल्या. "तू अडलास तेव्हा मी हळूच सांगितलं," त्या म्हणाल्या. "कोणाला ऐकू नाही ना गेलं?"

"नाही, आई," तो म्हणाला. "मलासुद्धा जेमतेमच."

त्या त्याच्या ओठांकडे बघत होत्या. खोटं त्यांना कळलं असणार. त्या हसल्या, आणि त्याचा हात धरून बराच वेळ बसून राहिल्या.

मला वाटलं, भीतीचा कडेलोट झाला, आता ती जाईल. परतीच्या वाटेवर तसं त्याला म्हटलंही. तो म्हणाला, "उलट झालंय, मॅज. आतापर्यंत मला वाटायचं ते कसं असेल. आता माहीत आहे ते कसं असतं." राहिलेले सगळे खेळ त्यानं केले, रोज बादली, रोज थरथर, आणि पुन्हा कधी अडला नाही. त्यानंतर मात्र तो रंगमंचावर चढला नाही. पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या. मातीच्या वेळी चार शब्द बोलायला पाद्र्यानं त्याला बोलावलं. तो उठला, ओठ हलवले आणि खाली बसला. तिथं जमलेल्या म्हाताऱ्या गिरणीवाल्यांपैकी दोघी-तिघी रडायला लागल्या. मला ते वाचता येत नाही, आणि मी त्याला कधी विचारलं नाही.

मग न्यायाधीशाची, बिशपची, हवेलीतल्या आजोबांची कामं आली. साठीनंतर प्रेतांची कामं येऊ लागली. त्याला ती आवडतील असं मला वाटलं होतं, बोलायचं काहीच नाही. पण पांढऱ्या चादरीखाली पडल्या पडल्या त्याला श्वास घ्यायची भीती वाटायची. "छाती हलली तर सगळ्यांना पुन्हा करावं लागेल," म्हणायचा. एकदा त्यानं इतका वेळ श्वास धरला की खरोखरच बेशुद्ध पडला, आणि दिग्दर्शकानं शाबासकी दिली.

शेवटचं काम आलं तेव्हा तो एक्क्याऐंशीचा होता. एका मालिकेच्या एका भागात दवाखान्यात रांगेत बसलेला म्हातारा, दोन वाक्यं. पहिलं: "माझा नंबर गेला का?" दुसरं: "मग मी बसतो." ही दोन वाक्यं तो न्हाणीघरात, बागेत, पाव भाजताना म्हणत होता. शब्द खरोखरच सुटू लागले होते तेव्हा. केटलीला तो 'ते पाण्याचं' म्हणायचा. डॉक्टरांकडे चल म्हटलं तर म्हणाला, "हे काम होऊ दे." चित्रीकरणाच्या दिवशी मी बरोबर गेले. एका पोरीनं मला बाहेर खुर्ची दिली, आत येऊ दिलं नाही. तो बाहेर आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता.

"झालं?"

"झालं म्हणतात."

परतीच्या गाडीत तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. कामाहून येताना तो कधी झोपायचा नाही, काय चुकलं ते उगाळत बसायचा. मार्चमध्ये तो गेला, घरीच, जेवणानंतर, आरामखुर्चीत.

तो भाग टीव्हीवर लागला उन्हाळ्यात. शेजारची ग्वेन म्हणाली, मी येते सोबतीला. मी नको म्हटलं. दिवाणखान्यात एकटीच बसले. दवाखाना दिसला, रांग दिसली, आणि कडेला तो, टोपी गुडघ्यावर. कॅमेरा त्याच्याकडे वळला. तोंडातल्या तोंडात मी म्हटलं, माझा नंबर गेला का. त्यानं वर पाहिलं, जरा थांबला, फारच थांबला असं मला वाटलं, आणि म्हणाला. नर्स काहीतरी बोलली. मी पुढचं म्हटलं. त्यानं ओठ ओले केले. दुसरंही म्हणाला.

दोन्ही वाक्यं झाली, मग मी चहा ठेवायला उठले.